थेंबे थेंबे बिल साचे

वीजबचतीबद्दल आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न 'काय विकत घेऊ?' असे आहेत. उत्तरांत खरेदी त्या मानाने कमी सापडेल.

प्रश्न : नवं काहीच घेतलेलं नाही, तरी बिल फुगत चाललं आहे. कोणतं उपकरण वीज खातं हे ओळखायला वेगळं यंत्र लागतं का?

उत्तर : नाही, तुमचं मीटर पुरेसं आहे. डिजिटल मीटरवर उघडझाप करणारा छोटा लाल दिवा असतो आणि त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. तितक्या उघडझापी झाल्या की एक युनिट. ३२००च्या मीटरवर ११२५ला दोन उघडझापींमधल्या सेकंदांनी भागलं की त्या घडीला घरात किती वॅट चालू आहेत ते कळतं. १६००च्या मीटरसाठी ११२५ऐवजी २२५० घ्या. दोनच उघडझापी मोजल्या तर घड्याळावरचा हात चुकतो, म्हणून दहा मोजा आणि वेळेला दहाने भागा. पहिल्या उघडझापीला 'एक' नव्हे, 'शून्य' म्हणायचं. पुष्कळांचं गणित इथेच बिघडतं. समजा ९० सेकंद लागले, तर एकीला ९, आणि भार १२५ वॅट.

मोजताना फ्रिजचा प्लग काढून ठेवा, नाहीतर त्याचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होऊन आकडे नासवतो. (नंतर तो परत लावायला विसरू नका!) मग एकेक उपकरण बंद करत फरक लिहून ठेवा. सगळी बटणं बंद केल्यावरही उघडझाप चालू राहिली तर प्लग काढत चला. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी बहुधा वीज घेतच राहतो. १० वॅट चोवीस तास, म्हणजे महिन्याला ७ युनिटं. प्लग काढूनही फरक पडला नाही तर वायरिंगमध्ये गळती असू शकते. तिथून पुढे काम वायरमनचं. मेन स्विच पाडल्यावरही उघडझाप होत असेल, तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाची तार जोडलेली असण्याची शक्यता आहे. वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा. काही मीटरांत भार शून्य झाला की दिवा स्थिर पेटून राहतो, तो दोष नव्हे.

प्रश्न : सगळे पंखे बदलून बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) घ्यावेत का? एकदम तेवढे पैसे नाहीत.

उत्तर : सगळे नकोत. जो सर्वांत जास्त तास फिरतो तो आधी, म्हणजे बहुतेक घरांत झोपायच्या खोलीतला. साधा पंखा पूर्ण वेगात ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी ३०च्या आसपास. रोज १२ तास धरले तर महिन्याला २७ युनिटांच्या जागी ११. तोच पंखा दिवसाला दोन तासच फिरणाऱ्या खोलीत लावला, तर महिन्याला ३ युनिटंही वाचत नाहीत.

बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून तार थेट जोडून घ्या. तो मध्ये राहिला तर पंख्यातलं सर्किट बिघडतं आणि दोष पंख्याला लागतो.

जे पंखे ठेवणार आहात त्यांचे रेग्युलेटर हाताने चाचपून पाहा. जुना, मोठ्या डबीचा रेग्युलेटर कमी वेगावर गरम लागतो. वाचायला हवी ती वीज तिथे उष्णता होऊन जाते. तो काढून इलेक्ट्रॉनिक लावला की काम झालं. पंखा मंदावला असेल तर मोटर जळाली असं समजू नका. बहुतेकदा कॅपॅसिटर (मोटरला जोर देणारा छोटा भाग) उतरलेला असतो. त्यावरचा आकडा, अनेकदा २.५ मायक्रोफॅरड, वाचून तोच आणा. वेग वाढावा म्हणून मोठा घातला तर वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) तापतं. काम मेन स्विच पाडूनच करायचं.

प्रश्न : गिझर सतत चालू ठेवला तर पुन्हा पुन्हा तापवावं लागत नाही, म्हणून वीज कमी लागते. हे खरं आहे का?

उत्तर : उलट आहे. टाकीतलं पाणी जितकं गरम आणि जितका वेळ गरम, तितकी उष्णता बाहेर झिरपते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६०वर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं आणि २००० वॅटचा गिझर ते १८-२० मिनिटांत करतो. तेवढाच आधी लावा, अंघोळी लागोपाठ उरका.

थर्मोस्टॅट खाली आणून फार बचत होईल ही अपेक्षा मात्र नको. पाणी कडक तापवून थंड मिसळलं काय किंवा बेतानेच तापवलं काय, अंगावर घेतलेली उष्णता तेवढीच. वाया जाते ती टाकीत उरलेल्या पाण्याची. रोज रिकाम्या होणाऱ्या छोट्या टाकीला ५०-५५ अंश पुरतात. मोठ्या टाकीत पाणी दिवसच्या दिवस साठून राहत असेल तर ६०च्या खाली नको, कोमट पाण्यात जंतू वाढतात.

क्षारांबद्दलही एक गैरसमज आहे. कॉइल पाण्यातच बुडालेली असल्याने थर चढला तरी वीज फारशी वाया जात नाही. उष्णता आतच अडकून कॉइल जळते, तो खर्च वेगळा.

प्रश्न : फ्रिज जुना आहे आणि सारखा चालू असतो. बदलू का?

उत्तर : आधी दाराचं रबर तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंनी, विशेषतः बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात, ती अडकायला हवी. सहज निघाली तर रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसा. वाकलं असेल तर हेअर ड्रायरने थोडं गरम करून हाताने बसवा. फाटलं असेल तरच नवं, मॉडेल नंबर सांगून. फ्रिजचे पुढचे पाय किंचित वर करा म्हणजे दार आपोआप मिटेल. मागची जाळी वर्षातून दोनदा, प्लग काढून, ब्रशने झाडा. फ्रीझरमध्ये अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड बर्फ झाला की फ्रिज बंद करून तो वितळू द्या. सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडून गॅस गेला की बचतीचा विषयच संपला.

मग मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर रात्रभर ठेवा. ३ ते ५ अंश बरोबर. एवढं करूनही कॉम्प्रेसर थांबत नसेल, तर दुरुस्तीचा अंदाज घ्या आणि मगच नव्याचा विचार करा.

प्रश्न : सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. उन्हाळ्यात एसी कमी पडतो.

उत्तर : एसी वाढवण्याआधी ऊन बाहेरच अडवा. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावला तर ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर तापतं आणि खोलीतच राहतं. बाहेरून चटई किंवा जाळी लावली तर ते काचेपर्यंत पोचतच नाही. गच्चीवर पांढऱ्या परावर्तक रंगाचे दोन हात द्या, पण आधी शेवाळ खरवडा आणि भेगा बुजवा, नाहीतर पहिल्या पावसात पोपडे निघतील. धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून उन्हाळ्याआधी गच्ची धुऊन घ्या. छताला आतून उघडा थर्माकोल चिकटवू नका, तो झटकन पेटतो.

प्रश्न : प्लगमध्ये लावायची वीजबचत डबी घेऊ का?

उत्तर : नको. आत बहुधा एक कॅपॅसिटर असतो. त्याने पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) सुधारला तरी घरगुती मीटर सहसा प्रत्यक्ष वापरलेली वीजच मोजतं, आणि ती तेवढीच राहते. घेतली असेल तर काढून ठेवा, तिचा दिवाही वीज खातो.