नेम पक्का असेल तर शिकाऱ्याच्या हातून भलता पक्षी मरत नाही, हे खरे आहे का?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. नेम पक्का असलेल्या शिकाऱ्याच्या हातून भलताच पक्षी किंवा माणूस मारला जात नाही, असे आपले आजोबा सांगत, ते कितपत खरे. आणि त्यांची जुनी एअरगन आता मुलाच्या हाती द्यावी का. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. आमच्या घरात दोन पिढ्या बंदूक होती आणि अशी एक चूक माझ्याही हातून झालेली आहे, म्हणून लिहितो.

त्या चुकीत नेमाचा काहीच दोष नव्हता. मी तेरा वर्षांचा होतो. मे महिन्यात आमच्या गोठ्यामागे कोंबडीची पिले फिरत आणि एक शिक्रा दर दोन दिवसांनी त्यातले एखादे उचलून नेई. आजीचा जीव त्या पिलांवर, त्यामुळे एअरगन माझ्याकडे आली. एका सकाळी फणसाच्या आडव्या फांदीवर तो बसलेला दिसला: राखाडी पाठ, पोटावर तांबूस आडव्या रेघा, लांब शेपटीवर गडद पट्टे. पहिल्याच छऱ्याला तो खाली आला. उचलून पाहिला तेव्हा डोळ्याभोवती पिवळे कडे होते, चोच शिक्र्यासारखी आकडेबाज नव्हती, पायांची दोन बोटे पुढे आणि दोन मागे होती, आणि चोचीत केसाळ सुरवंटाचा अर्धा तुकडा अडकला होता. काकांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "अरे बाबा, हा शिक्रा नव्हे. हा 'पेरते व्हा'." म्हणजे पावशा. पाऊस जवळ आला की आमच्याकडे ज्याच्या ओरडण्याकडे सगळे कान लावून बसतात, तो.

पावशा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, आणि तो दिसायला व उडायला शिक्र्याशी इतका मिळताजुळता आहे की लहान पक्षीसुद्धा त्याला पाहून घाबरून कलकलाट करतात. जिथे पक्षी फसतात तिथे मी फसलो यात नवल नाही. पण त्या सकाळी मी फांदीवरचा पक्षी नीट पाहिलाच नव्हता, हेही खरे आहे. शिक्रा येणार हे मनात आधीच ठरलेले होते आणि डोळ्यांनी त्याला होकार भरला, इतकेच. माझ्या समजुतीप्रमाणे पक्ष्यांच्या शिकारीतल्या बहुतेक चुकांचे मूळ इथे आहे. नेम चांगला असणाऱ्याची चूक हमखास वर्मी लागते, एवढाच काय तो फरक.

सालिम अली यांचा पक्षिशास्त्राशी संबंध आला तोही अशाच प्रसंगातून. लहानपणी मुंबईत त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली, आणि पडल्यावर तिच्या गळ्याशी पिवळा डाग दिसला. ती घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. आज चोडणचे पक्षी अभयारण्य त्यांच्या नावाने ओळखले जाते. परंतु तो पिवळा डाग पक्षी खाली पडल्यावरच नजरेस आला, हे विसरता येत नाही.

बदकांच्या बाबतीत तर ओळखणे आणखी अवघड असते. करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात अडईंच्या मोठ्या थव्यात काणूक, तलवार बदक, भुवई बदक अशी मंडळी मिसळलेली असतात. स्थलांतर करून येणाऱ्या जातींचे नर सुरुवातीला मादीसारख्याच मळकट पिसाऱ्यात असतात, आणि उजाडताना किंवा तिन्हीसांजेला आकाशावर उमटलेल्या काळ्या आकृतीतून जात ओळखणे अनुभवी निरीक्षकालाही जमतेच असे नाही. त्यात बाराबोअरची बंदूक ही मुळात एका पक्ष्यासाठी नसते. सहा नंबरच्या एका काडतुसात दोनशेहून अधिक छर्रे असतात. चाळीस यार्डांवर, म्हणजे सुमारे ३७ मीटरवर, चांगल्या घट्ट (तोंडाशी आवळलेल्या) नळीतूनही त्यांतले साधारण ७० टक्के अडीच फुटांच्या वर्तुळात पडतात आणि उरलेले त्याबाहेर जातात. थव्यात टाकलेल्या बाराने "एका काडतुसात पाच" अशी बढाई मारणारे जुने लोक मी ऐकले आहेत. अंगात दोन-तीन छर्रे घेऊन खाजनाच्या (खाडीलगतच्या शेतजमिनीच्या) बांधापलीकडे लव्हाळ्यात उतरलेली बदके त्या पाचांत कधी धरली जात नसत. पाण्यात पडलेले शिशाचे छर्रे पाणपक्षी खडे समजून गिळतात, ते पोटात झिजतात आणि पक्षी विषबाधेने मरतो. अशी जखमी किंवा मेलेली बदके खाणाऱ्या गरुडांनाही शिसे भोवते. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी आहे.

आता माणसांविषयी. आमचे काका पंचक्रोशीत नेमबाज म्हणून ओळखले जात. काजूच्या हंगामात एकदा ते रानकोंबड्यासाठी डोंगराच्या कडेला बसले होते. वाळलेल्या पानांत खसखस झाली, थांबली, पुन्हा झाली; कोंबडी पाला उकरते तेव्हा येतो तसाच हुबेहूब आवाज. काकांनी बंदूक खांद्याला लावली, आणि तेवढ्यात झुडपामागून कोणी तरी खोकले. टोकाला खिळा लावलेल्या काठीने पडलेले काजू टिपत असलेली शेजारच्या वाड्यावरची म्हातारी होती ती. हा प्रसंग काकांनी मला एकदाच सांगितला, आणि सांगताना ते चापावरचे बोट वाकवून दाखवत होते, बहुधा नकळत.

आपल्या आजोबांच्या म्हणण्याला सर्वांत जाहीर उत्तर मात्र टेक्सासमध्ये मिळाले. ११ फेब्रुवारी २००६ रोजी अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी लाव्यांच्या शिकारीत उडालेल्या पक्ष्यामागे नळी फिरवून बार काढला, आणि तो त्यांचे ७८ वर्षांचे सोबती हॅरी व्हिटिंग्टन यांच्या चेहऱ्यावर, मानेवर व छातीवर बसला. व्हिटिंग्टन पाडलेला पक्षी शोधायला मागे गेले होते आणि परत येत होते; चेनी वळले त्या बाजूला सूर्य खाली आलेला होता. एक छर्रा हृदयाशी पोहोचून व्हिटिंग्टन यांना हृदयविकाराचा सौम्य झटकाही आला, तरी ते वाचले. चेनी काही नवशिके नव्हते. पक्ष्यावर खिळलेली नजर पक्ष्याबरोबर फिरते आणि पलीकडचे सगळे पुसून टाकते, हे सरावाने कमी होतेच असे नाही.

एअरगनबद्दल. पक्ष्यांवर ती चालवायची असेल, तर मुलाला देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जखमी करणे, सापळ्यात धरणे, अंडी किंवा घरटे मोडणे हे सर्व शिकारीतच मोडते, आणि शिकारीला बंदी आहे. अपवाद आहेत ते सद्हेतूने केलेल्या स्वसंरक्षणाचे आणि वन्यजीव अधिकाऱ्याच्या परवानगीचे. "मला वाटले शिक्रा आहे" हे त्यांत कुठे बसत नाही, आणि शिक्रा असता तरी बसले नसते. मुलाला नेमबाजीची आवड असेल तर पुठ्ठ्यावर शिकवा, पण पुठ्ठा अंगणातल्या चिऱ्याच्या गडग्याला टेकवू नका, कारण कठीण दगडावरून छर्रा उलटून येतो. मागे मऊ मातीचा उंच ढीग असावा, मुलाच्या डोळ्यांवर जाड चष्मा असावा, आणि ढिगामागच्या वाटेने कोणी येत नाही ना, हे आपण स्वतः तिथे उभे राहून पाहावे.