खाडीचं गवत, मेंढीची कलेजी आणि ताक

मँचेस्टरला मुलीकडे असताना इंग्लंडमधल्या सेलाफिल्ड अणुकेंद्राजवळच्या रेव्हनग्लास खाडीत मेंढ्या चरताना पाहिल्या. तिथल्या गाळात प्लुटोनियम आहे म्हणे. मग ते मटणात येत नाही?

गाळात आहे, हे खरं. सेलाफिल्डचं किरणोत्सारी सांडपाणी नळातून आयरिश समुद्रात सोडलं जातं आणि 1970 च्या दशकात त्याचा कहर झाला होता. प्लुटोनियम, अमेरिसियम ही किरणोत्सारी मूलद्रव्यं बारीक गाळाला घट्ट चिकटतात. भरती तो गाळ खाडीत आणते आणि तो गवतात अडकतो. उधाण ओसरल्यावर तिथली एखादी पात चिमटीत धरून ओढलीत, तर बोटांना राखाडी साय लागेल. मेंढीच्या पोटात जाते ती मुख्यतः हीच साय; मुळांनी वर ओढलेलं प्लुटोनियम फारच थोडं. त्यातलंही जवळजवळ सगळं लेंड्यांवाटे बाहेर पडतं. रक्तात उतरतो तो कणभर अंश यकृतात आणि हाडांत साठतो. म्हणून तपासणारे नुसतं मटण घेत नाहीत, कलेजीही घेतात.

चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर त्याच भागातल्या, म्हणजे कंब्रिया परगण्यातल्या डोंगरावरच्या मेंढ्यांवर 2012 पर्यंत निर्बंध होते. डोंगर एवढा का अडकला?

मातीमुळे. चेर्नोबिलहून पावसाबरोबर आलेलं किरणोत्सारी सिझियम-137 खाडीत चिकणमातीच्या पापुद्र्यांत अडकून बसतं. शिवाय खाडीत समुद्राचं पोटॅशियम भरपूर, त्यामुळे मुळं सिझियम कमी उचलतात. डोंगरावर पीटची काळी, कुजकट माती, चिकणमाती नावालाच. तिथलं गवत वर्षानुवर्षं सिझियम ओढत राहिलं. किलोला 1000 बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) ही मर्यादा होती. जिवंत मेंढीला मोजणीयंत्र लावायचे आणि मर्यादेबाहेर गेली की अंगावर रंगाची खूण. अशी मेंढी खालच्या स्वच्छ कुरणात काही आठवडे चरली की सिझियम आपसूक उतरतं. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते.

दूध उकळलं तर किरणोत्सार जातो का?

आपल्याकडे सगळ्यावर हाच उपाय! उकळून जंतू मरतात, अणू नाही. उलट पाणी आटल्यानं दूध दाटच होतं. 10 ऑक्टोबर 1957 ला सेलाफिल्डच्याच जागेवरच्या विंडस्केल अणुभट्टीला आग लागल्याचं कळलं. त्यानंतर सुमारे 500 चौरस किलोमीटरमधलं दूध काही आठवडे ओतून दिलं गेलं. कारण होतं किरणोत्सारी आयोडीन-131. ते दर 8 दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे तिथे खरा उपाय थांबण्याचा. सिझियम निम्मं व्हायला 30 वर्षं लागतात, पण ते दुधाच्या पाणीदार भागात राहतं. लोणी काढलंत तर ते ताकात जातं, तुपात जवळपास येतच नाही. रेनेटनं (दूध फाडणाऱ्या विकरानं) गोठवलेल्या चीजमध्ये मात्र कॅल्शियमचा हात धरून स्ट्रॉन्शियम-90 मागे राहतं.

आम्ही पालघरचे, तारापूर जवळच. दुधात किरणोत्सार शून्यच हवा ना?

शून्य कुठेच मिळणार नाही, गडचिरोलीतही नाही. दुधातल्या नैसर्गिक पोटॅशियम-40 मुळेच लिटरला 45-50 बेकरेल असतात. तपासणीचा अहवाल हाती आला तर एकूण आकड्यानं दचकू नका, सिझियम-137 ची ओळ वेगळी शोधा.