नागपूरहून रेल्वेचं तिकीट: आधी काढू की त्याच दिवशी?

आधी अंतर बघ. वर्धा किंवा बडनेऱ्याला जायचं असेल तर आरक्षणाच्या मागे लागू नकोस. त्याच दिवशी जनरलचं तिकीट काढ, खिडकीवर किंवा मोबाईलवर. फक्त त्या तिकिटावर स्लीपरच्या डब्यात चढू नकोस. नवीन माणसाकडून ही चूक हमखास होते आणि दंड बसतो.

पुण्याला किंवा मुंबईला जायची गोष्ट वेगळी. रात्रभराचा प्रवास आहे, तिथे आधीच तिकीट काढायचं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीला जायचं असेल तर ते उघडतं त्याच सकाळी ८ वाजता तिकीट काढायला बस. दुपारपर्यंत थांबलास तर वेटिंग लागलंच समज.

तत्काळ, म्हणजे ऐनवेळचं आरक्षण, हा शेवटचा उपाय. एसीचं १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता, गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी. इथे आपल्या नागपूरकरांनी एक नीट समजून घ्यायला हवं: हा दिवस गाडी जिथून निघते तिथला धरतात. हावड्याहून आज निघालेली गाडी आपल्याकडे उद्या पोचत असेल, तर तिचं तत्काळ तुझ्या प्रवासाच्या दोन दिवस आधीच उघडतं. मी स्वतः यात एकदा फसलोय, म्हणून कळकळीने सांगतो. शिवाय कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

आणखी दोनच गोष्टी:
- ऑनलाइन तिकीट चार्ट (प्रवाशांची शेवटची यादी) लागल्यानंतरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. ते घेऊन गाडीत चढायचं नाही.
- तिकिटावर नागपूर आहे की अजनी (शहरातलंच दुसरं स्टेशन), ते वाच.

कोटा, बोर्डिंग बदलणं वगैरे सध्या राहू दे. पहिला प्रवास कुठला आहे ते कळव, तारीख बघून सांगतो.