वाचकांचे प्रश्न : शटल दिव्यात हरवतं

प्रश्न : आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये बॅडमिंटनची दोन कोर्ट शेजारी-शेजारी आहेत. छत ९ मीटर उंच. प्रत्येक कोर्टावर १५० वॉटचे सहा एलईडी हाय-बे (उंच छताचे) दिवे थेट डोक्यावर टांगलेत. उजेड भरपूर, तरी उंच सर्व्हिस घेताना शटल दिसेनासं होतं. दिवे वाढवावेत का?

उत्तर : मुळीच नको. उजेड कमी नाही, दिव्यांची जागा चुकली आहे. उंच शटल घेताना खेळाडू मान वर करतो आणि नेमका दिव्यात पाहतो. डोळे दिपतात, पांढरं शटल त्या झगझगाटात विरतं. नजर सावरेपर्यंत फटका हुकलेला असतो. वॉट वाढवलेत तर दुखणं वाढेल.

दिव्यांच्या ओळी साइडलाइनच्या बाहेर, अर्धा ते एक मीटरवर, कोर्टाच्या लांबीला समांतर घ्या. दोन कोर्टांमधली ओळ दोन्हीकडे चालते. बेसलाइनच्या मागे मात्र एकही दिवा नको, तो समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो. जुने हाय-बे बाजूला सरकवून कोर्टाकडे तिरके करण्याचा मोह होईल. तेही टाळा, पलीकडच्या बाजूचा खेळाडू वैतागेल. त्याऐवजी दुधी डिफ्युझरच्या (उजेड पसरवणाऱ्या झाकणाच्या) लांब पट्टी-फिटिंग्ज लावा. तेवढाच उजेड मोठ्या पृष्ठभागावर पसरला की टोचत नाही.

किती लावायच्या? कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर, म्हणजे साधारण ८२ चौरस मीटर. ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप, लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन. क्लबच्या सामन्यांना ५०० लक्स धरा (सरावाला ३०० पुरतात), म्हणजे ४१,००० ल्युमेन कोर्टावर पोचायला हवेत. निम्मा उजेड इकडेतिकडे जातो, धुळीपायी आणखी पाचवा हिस्सा घटतो. तेव्हा एका कोर्टामागे लाखभर ल्युमेनची तयारी ठेवा. मग लक्समीटर जमिनीलगत धरून पंधरा-वीस ठिकाणी मोजा. सर्वांत कमी आकडा सरासरीच्या ०.७ पटीखाली गेला, तर कोपरे अंधारे राहिलेत.

बेसलाइनमागची भिंत गडद हिरवी किंवा निळी हवी, आणि रंग मॅटच. ऑइलपेंट चमकतो.

प्रश्न : मोबाइलवर सामन्याचं चित्रीकरण केलं की काळे पट्टे सरकताना दिसतात.

उत्तर : दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, हलक्या प्रतीचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो. बहुतेकांच्या डोळ्यांना हे जाणवत नाही, पण वेगातलं शटल तुटक दिसू शकतं. फिटिंग फेकू नका, फ्लिकर-फ्री (उजेड न लुकलुकवणारा) ड्रायव्हर बसवून घ्या. तेही परवडत नसेल आणि हॉलला थ्री-फेज असेल, तर लागोपाठचे दिवे वेगवेगळ्या फेजवर टाका. एकाची उणीव दुसरा बरीचशी भरून काढतो.