व्हॉल्यूम शून्यावर, तरी अँप घुमतोच

प्रश्न : माझा गिटारचा ५० वॅटचा जुना ट्यूब अँप्लिफायर (अँप) आहे, स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूब दोन, ईएल३४. वर्षभर हम (घूं घूं असा सततचा आवाज) येतोय. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी तेवढाच. प्रीअँपच्या, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या, तिन्ही १२एएक्स७ ट्यूब बदलल्या, फरक शून्य. ईएल३४ची मॅच केलेली नवी जोडी घातली तेव्हा हम निम्म्यावर आला, पण गेला नाही. वरच्या फ्रेटवर जोरात लीड वाजवलं की सुरामागे दुसराच बेसूर स्वर ऐकू येतो. आता कुठली ट्यूब बदलू?

उत्तर : कुठलीच नको. ट्यूब हाताने उपटून दुसरी बसवता येते, म्हणून पहिला आळ नेहमी तिच्यावर. तुमचं पत्र मात्र वेगळीच साक्ष देतंय.

व्हॉल्यूम शून्यावरही हम तेवढाच, म्हणजे तो व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरतोय. व्हॉल्यूमच्या आधीच्या ट्यूब तेव्हाच सुटल्या होत्या. निदान एका १२एएक्स७चे पैसे तरी नक्की वाचले असते.

आता गिटार घ्या. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबून जी (G) हा स्वर वाजवा. तो ९८ हर्ट्‌झचा. हम त्याच्या केसभर वर लागत असेल तर तो १०० हर्ट्‌झचा : ५० हर्ट्‌झची वीज रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणाऱ्या भागातून) गेल्यावर उरलेला रिपल, म्हणजे डीसीतला चढउतार. एक सप्तक खाली घुमत असेल तर तो ५०चा, बहुतेक हीटरच्या (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेच्या) ६.३ व्होल्टच्या वायरिंगमधून आलेला. (वीज ६० हर्ट्‌झची असेल तर रिपल सहाव्या आणि सातव्या फ्रेटच्या मधे कुठेतरी सापडेल.) मी मीटर नंतर काढतो, आधी ही तार छेडतो.

तुमच्या बाबतीत मी १०० वर पैज लावीन, कारण तो मागचा बेसूर स्वर. अँपला डीसी पुरवणाऱ्या सप्लायमध्ये रिपल मोठा असला की तो तुमच्या सुरातच मिसळतो. ४४० चा ए (A) स्वर वाजवलात तर ३४० आणि ५४० हर्ट्‌झचे दोन आगंतुक सोबत येतात, आणि त्यांचं ए शी काही नातं नसतं. ट्यूबच्या नव्या जोडीने हम का उतरला, तेही यातच आलं. पुश-पुल अँपमध्ये, म्हणजे जिथे दोन पॉवर ट्यूब उलटसुलट जोडीने काम करतात तिथे, दोन ट्यूबमधला रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये समोरासमोर येऊन बराचसा फिटतो, पण दोघींचा करंट सारखा असेल तरच. तुमच्या नव्या जोडीने रोग झाकला, बरा नाही केला.

रोगी आहेत फिल्टर कपॅसिटर, म्हणजे हा रिपल सपाट करणारे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतून सुकतो, बाहेरून कधी कधी ठणठणीत दिसतो. पहिल्या कपॅसिटरवर मीटर एसी व्होल्टला लावून बघा. ५० मायक्रोफॅरड आणि १०० मिलिअँपिअर धरले तर रिपल शिखरापासून तळापर्यंत फार तर २० व्होल्ट, मीटरवर सहाच्या आसपास. तिथे १८ दिसले तर समजा दोन तृतीयांश कपॅसिटर संपला.

पण थांबा. आत ४५० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते तसेच बसून राहू शकतात. अँप चालू असताना मोजायचं म्हणजे क्लिप आधी लावायची, मग वीज द्यायची, आणि एक हात खिशात. बंद केल्यावर १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर कपॅसिटरवर धरा, नीट झाकलेल्या क्लिपने, आणि मीटर शून्याजवळ आल्याशिवाय बोट घालू नका. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढून दाखवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. यातलं काहीही नवं वाटत असेल तर अँप सरळ ट्यूबवाल्या मेकॅनिककडे द्या.

बदलायचे तर सगळे एकदम बदला. रेक्टिफायर ट्यूबचा असेल तर ‘मोठा तेवढा चांगला’ हा मोह आवरा. जीझेड३४ या रेक्टिफायर ट्यूबला पहिला कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडच्या वर चालत नाही.

एक चूक मी स्वतः केली आहे. नवे कपॅसिटर झाळले आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपची (गुंडाळीच्या मधोमध काढलेली) तार जवळ दिसली म्हणून प्रीअँपच्या ग्राउंडवर टेकवली. घूं घूं होतं त्याचं चरचरीत बझ्झ झालं. दोन संध्याकाळी मी नव्या कपॅसिटरना शिव्या घातल्या. ती तार पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्ह टोकालाच जायला हवी, कारण तिच्यातून करंट झटक्याझटक्याने वाहतो आणि वाटेत जो भेटेल त्याच्या ग्राउंडवर आपला आवाज सोडून जातो. तार चार इंच हलवली, बझ्झ गेला.

प्रश्न : गिटारच्या तारांना हात लावला की माझा हम कमी होतो. अँप बिघडलाय का?

उत्तर : नाही. तुमचं शरीर आसपासच्या वायरिंगचा हम गोळा करून पिकअपपर्यंत (तारांचं कंपन पकडणाऱ्या गिटारच्या भागापर्यंत) पोचवतं. तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, त्यांना हात लागला की तुम्हीही ग्राउंडला जाता. हात लावल्यावर हम वाढला तर मात्र ब्रिजखालची (गिटारवर तारा टेकतात त्या पट्टीखालची) ग्राउंडची तार तुटलीय का ते बघा. आणि हम जावा म्हणून अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायला कोणी सुचवलं, तर त्या माणसाला अँपजवळ फिरकू देऊ नका.