फंक्शन तयार होतानाच चूक का पकडली जात नाही?

आपण विचारले आहे की, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, त्याच्याच पीएल/पीजीएसक्यूएल या भाषेत लिहिलेले फंक्शन बिनतक्रार तयार होते आणि त्यातील कॉलमचे नाव चुकले आहे हे मात्र ते चालवल्यावरच कळते. तर तयार करतानाच ही चूक पकडणारा व्हॅलिडेटर, म्हणजे तपासणी करणारे फंक्शन, स्वतः लिहावा का. मी पुण्यात पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसचे काम पाहतो आणि माझे उत्तर 'लिहू नये' असे आहे.

क्रिएट फंक्शन ही आज्ञा दिल्यावर आधी पीजी_प्रॉक या कॅटलॉगमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या नोंदींच्या टेबलमध्ये, फंक्शनची नोंद होते आणि मग त्या भाषेचा व्हॅलिडेटर बोलावला जातो. त्याच्या हाती फक्त त्या नोंदीचा ओआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, दिलेला असतो. बाकी सारे तो कॅटलॉगमधून वाचतो, आणि त्याने एरर दिली तर ट्रान्झॅक्शनबरोबर ती नोंदही नाहीशी होते. पीएल/पीजीएसक्यूएलचा व्हॅलिडेटर व्याकरण तपासतो, पण त्यात उल्लेखलेले टेबल किंवा कॉलम अस्तित्वात आहे का, याची चौकशी तो करत नाही. हा आळस नव्हे, कारण एखादे तात्पुरते टेबल फंक्शन स्वतःच चालताना तयार करणार असेल, तर तयार करण्याच्या क्षणी ते सापडणार कुठून? एसक्यूएल भाषेतील फंक्शनचा व्हॅलिडेटर मात्र टेबलही पाहतो, आणि म्हणूनच बॅकअप घेणाऱ्या पीजी_डंपच्या फाइलीत सुरुवातीलाच चेक_फंक्शन_बॉडीज हे फंक्शनचा मजकूर तपासायला लावणारे सेटिंग बंद केलेले असते. एरवी बॅकअप परत चढवताना, ज्याचे टेबल अजून यायचे आहे असे फंक्शन अडून बसले असते. आपल्या व्हॅलिडेटरने हे सेटिंग पाळले नाही, तर ऐन गरजेच्या वेळी बॅकअप चढणार नाही.

आमच्याकडे मुदत ठेवीचे व्याज काढणाऱ्या फंक्शनमध्ये, ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास दंड कापणारी एक इफची शाखा होती. 'दंड_दर' या कॉलमचे नाव कोणीतरी 'कपात_दर' केले. त्यानंतर फंक्शन पुन्हा तयार झाले आणि चाचण्याही पार पडल्या, कारण चाचणीतील प्रत्येक ठेव इमानदारीने मुदत पूर्ण करत होती. पुढे एक आजी ठेव मोडायला काउंटरवर आल्या, तेव्हा ती शाखा पहिल्यांदा चालली आणि कोसळली.

तेव्हापासून फंक्शनच्या स्वतःच्या मजकुरावरून कळणारी चूक तयार करतानाच पकडायची आणि भोवतालच्या टेबलांवर अवलंबून असलेली चूक सगळे मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइली, चढल्यानंतर शोधायची, अशी विभागणी आम्ही केली. या दुसऱ्या टप्प्यासाठी पीएलपीजीएसक्यूएल_चेक हे एक्स्टेन्शन आहे. अट खरी ठरो वा न ठरो, ते प्रत्येक शाखेत शिरून आतील क्वेरी तपासते, त्यामुळे आमचा 'दंड_दर' त्याने लगेच दाखवला असता. बिल्डमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आपोआप बांधताना, रिकाम्या डेटाबेसवर सगळे मायग्रेशन चढवून, पीजी_प्रॉकमधून या भाषेतील आपल्या फंक्शनची यादी काढून प्रत्येकावर ते चालवावे. टेबलमध्ये बदल होताच आपोआप चालणाऱ्या ट्रिगर फंक्शनसाठी त्या टेबलचे नावही द्यावे लागते, हे आम्ही सुरुवातीला विसरलो होतो. एक्झिक्यूट या आज्ञेला दिलेली, चालताना जोडून तयार होणारी क्वेरी मात्र या जाळ्यातून बहुधा निसटते, तिच्यासाठी चाचण्याच लिहाव्या लागतात.

लहान आणि निव्वळ एसक्यूएलची फंक्शने असतील, तर 2021 मध्ये आलेल्या पोस्टग्रेसच्या 14व्या आवृत्तीपासून त्यांचा मजकूर अवतरणातील मजकुराऐवजी थेट बिगिन अ‍ॅटॉमिक या रचनेत लिहिता येतो. तो तयार करतानाच पूर्ण तपासला जातो आणि त्याचे अवलंबित्वही नोंदले जाते. कॉलमचे नाव बदलले तरी फंक्शन चालत राहते, आणि कॉलम काढायला गेल्यास पोस्टग्रेस आधी त्या फंक्शनचे नाव पुढे करून अडवते.