तुझ्या प्रोजेक्टातला मामा तलाव

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मामा तलावांवरच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवरच्या, फील्ड प्रोजेक्टचा मसुदा वाचला. भाषा इतकी गुळगुळीत, की दुसऱ्याच परिच्छेदात कळलं, हे तुझं नाही. रागावलो नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, तेव्हा तू शाळेत होतीस. तू ते वापरणारच. पण त्यात एक वाक्य आहे : ‘महाराष्ट्र सरकारने 1951 मध्ये मालगुजारांकडून तलाव ताब्यात घेतले.’ अगं, 1951 मध्ये महाराष्ट्र होता कुठे? भंडारा, चांदा (आताचा चंद्रपूर) हे आपले जिल्हे तेव्हा मध्य प्रदेशात होते आणि राजधानी होती नागपूर. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची मालकी, गेली ती मध्य प्रदेशाच्या 1950 च्या कायद्याने. आपण मुंबई राज्यात आलो 1956 ला, महाराष्ट्र झाला 1960 ला. एक मे दरवर्षी साजरा करणाऱ्या मुलीला हे ठाऊक नाही असं नाही. वाक्य सफाईदार होतं, म्हणून तू ते तपासलं नाहीस.

ही साधनं अफाट मजकुरावर तयार झालेली असतात आणि आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढे काय येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधत लिहीत जातात. मराठीत ‘तलाव’ आणि ‘सरकारने ताब्यात घेतले’ म्हटलं की शेजारी ‘महाराष्ट्र’ येणं अगदी साहजिक. साहजिक आणि खरं यांतला फरक ओळखायची पायरी त्यात आपोआप येत नाही. शिवाय इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर त्यांच्या वाट्याला फारच थोडा आलेला, त्यातही झाडीपट्टीबद्दलचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाबद्दलचा, किती असेल याचा तूच विचार कर. काही साधनं आता इंटरनेटवर शोधून दुवे देतात. दुवा उघड, ते वाक्य तिथे खरोखर आहे का बघ. ‘हे खरं आहे ना?’ असं त्यालाच विचारून मोकळी होऊ नकोस. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या एका वकिलाने नेमकं तेच केलं. चॅटजीपीटीने सुचवलेले जुने खटले खरे आहेत का, हे त्याने चॅटजीपीटीलाच विचारलं, त्याने ‘हो’ म्हटलं, आणि न्यायालयात उघड झालं की ते खटले कधी झालेच नव्हते. पाच हजार डॉलर दंड बसला. शिकलेसवरलेले लोकही फसतात ते त्या आत्मविश्वासाच्या सुरामुळे.

आता तलावाकडे ये. तुझ्या विषयाचं खरं सामान अजून कुठे नीट लिहिलेलंच नाही, आणि मला तरी हीच त्यातली मजा वाटते. पाळ कुणी बांधली, पाटाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत (धानाच्या शेतात) जायचं, धान निसवताना भांडण झालं तर कोण मिटवायचं, ढीवरांच्या संस्थेला मासेमारीचा ठेका कसा मिळतो, तलावात बेशरमाची झुडपं वाढल्यापासून कोणते मासे दिसेनासे झाले. हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचार. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मिळतं का बघ. गावाचे तलावावरचे जुने हक्क तिथे नोंदवलेले असतात. छोट्या तलावांची माहिती जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागात मिळते. दोन-तीन हेलपाटे होतील, साहेब जागेवर नसतील, तरी जा. तुझ्या वहीत जे येईल ते कुठल्याही एआयकडे नसेल.

मग त्याचा उपयोग काय? भरपूर आहे, विशेषतः तुझ्यासारखीला. शहरातल्या पोरांना क्लास असतात, ओळखीचे प्राध्यापक असतात. तुझी शेवटची एसटी सुटली की रात्री दहा वाजता अडलेलं सांख्यिकी कोण समजावणार? तिथे हे साधन कामाचं आहे. विचारताना एवढंच सांग की, उत्तर देऊ नकोस, मला एकेक प्रश्न विचारत ने. इंग्रजी लेख जड गेला तर एकेका परिच्छेदाचा अर्थ मराठीत विचार, मग मूळ परिच्छेद पुन्हा वाच. म्हाताऱ्यांच्या मुलाखतींसाठी प्रश्नावली तू तयार कर आणि ‘यात काय सुटलंय?’ हे त्याला विचार. तोंडी परीक्षेची तयारी करताना त्याला खडूस परीक्षक व्हायला सांग. हे काम ते बरं करतं. पहिला मसुदा मात्र तुझ्या हातचा हवा, वाक्यं ओबडधोबड असली तरी चालतील. लिहिताना अडतं तिथेच आपल्याला काय समजलं नाही हे कळतं, आणि ती अडचण दुसऱ्याने सोडवली की अभ्यासही त्याचाच झाला.

प्राध्यापकांपासून लपवू नकोस. अहवालाच्या शेवटी दोन ओळी लिही : कोणतं साधन, कशासाठी वापरलं. त्यांची परवानगी कुठपर्यंत आहे, हे आधीच विचारून घे. प्रत्येक विभागाचं धोरण वेगळं असू शकतं. कच्चे मसुदे आणि मुलाखतींच्या वह्या जपून ठेव. एआयने लिहिलेलं पकडणारी सॉफ्टवेअर बेभरवशाची आहेत. चॅटजीपीटीच्या कंपनीने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केलं. उद्या कुणी खोटा ठपका ठेवला तर त्या वह्याच तुझा पुरावा.

आणखी एक, घाईत राहून जाईल म्हणून : मुलाखती दिलेल्यांची नावं, मोबाइल नंबर, सातबारा यातलं काही चॅटमध्ये टाकू नकोस. त्यांनी ते तुला विश्वासाने सांगितलेलं आहे. सारांश काढायचाच असेल तर नावं खोडून, ‘मच्छीमार 1’, ‘शेतकरी 2’ असं लिहून मग टाक.

प्रश्नावली पुढच्या आठवड्यात पाठव. पाणीवाटपाचे प्रश्न बायांनाही विचार. रोवणीला बांधीत त्याच असतात, आणि तुझ्या यादीत मला एकही बाई दिसली नाही.

तुझे,
सर